मुंबईहून पहिल्यांदाच विम्बल्डनला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकीट, रांग, व्हिसा आणि डबा. लंडनची विम्बल्डन टेनिस स्पर्धा बघायला निघालेल्यांचे मुंबई-ठाण्याहून येणारे बहुतेक प्रश्न या चार गोष्टींचेच असतात. सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत ते क्रमाने लावले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे क्रमांक दिला आहे. किमती २०२५ च्या धरल्या आहेत, पुढच्या वर्षांसाठी थोडी वाढ गृहीत धरा.

१. हातात तिकीट नसताना मुंबईहून थेट लंडन गाठणं वेडेपणा नाही का?

नाही. टेनिसच्या चार ग्रँड स्लॅम, म्हणजे सर्वांत मोठ्या, स्पर्धांपैकी विम्बल्डनलाच मुख्य कोर्टांची तिकिटंसुद्धा त्याच दिवशी, रांगेत उभं राहून, मूळ किमतीत मिळतात. सेंटर कोर्ट, कोर्ट १ आणि कोर्ट २ यांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं रांगेसाठी राखून ठेवलेली असतात. शेवटच्या चार दिवसांत मात्र सेंटर कोर्टाची तिकिटं रांगेत मिळत नाहीत. शिवाय रोज हजारो ग्राउंड्स पास, म्हणजे आवारात शिरून बाहेरची कोर्टं बघण्याचे पास, विकले जातात. व्हिसा, विमान आणि राहण्याची सोय झाली असेल तर टेनिसच्या तिकिटापायी बेत मोडू नका. फक्त टेनिससाठी किमान तीन दिवस मोकळे ठेवा आणि ‘सेंटर कोर्टच पाहिजे’ हा हट्ट सोडा. पहिल्या खेपेला खरी मजा बाहेरच्या कोर्टांवरच असते. ती कशी, ते प्रश्न ५ मध्ये.

२. चारही ग्रँड स्लॅममध्ये पहिली म्हणून विम्बल्डनच का? दुबई जवळ नाही का पडत?

पडते की. मुंबईहून दुबई तीन तासांवर आहे. तिथे फेब्रुवारीत एक आठवडा महिलांची आणि एक आठवडा पुरुषांची मोठी स्पर्धा होते, स्टेडियम सुमारे ५,००० आसनांचं असल्याने मागच्या रांगेतूनही चेंडू नीट दिसतो. खर्चाची किंवा रजेची ओढाताण असेल तर दुबईपासूनच सुरुवात करा, त्यात कमीपणा काही नाही. न्यूयॉर्कला मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पात्रता फेरीचे सामने फुकट बघता येतात, पण तिथे आधी अमेरिकन व्हिसाचा प्रश्न सुटायला हवा. मेलबर्न जानेवारीत असतं, म्हणजे ऐन परीक्षांच्या तोंडावर, तिथला उन्हाळाही कडक. पॅरिसची तिकिटं ऑनलाइनच घ्यावी लागतात आणि चटकन संपतात. आयत्या वेळी गेलेल्या माणसाला आत शिरण्याची सर्वांत जास्त संधी विम्बल्डन देतं, म्हणून ते पहिलं.

३. त्याआधी मुंबईतच प्रोफेशनल टेनिस बघून डोळे तयार करता येतील का?

येतील, आणि जरूर करा. चर्चगेटला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर मुंबई ओपन ही महिलांची डब्ल्यूटीए १२५ (मुख्य मालिकेच्या खालची पायरी) दर्जाची स्पर्धा २०१७ आणि २०१८ च्या नोव्हेंबरात आणि पुढे २०२४ व २०२५ च्या फेब्रुवारीत झाली. २०१७ ची विजेती होती अरिना सबालेन्का, जी २०२३ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. २०२५ मध्ये १५ वर्षांची माया राजेश्वरन तिथेच उपांत्य फेरीपर्यंत गेली. अशा छोट्या स्पर्धेत तुम्ही कोर्टाला चिकटून बसता, रॅकेटवर चेंडू आदळल्याचा आवाज ऐकता आणि टीव्हीवर जो फटका आरामात मारलेला वाटतो तो किती जोरात असतो ते तिथे कळतं. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ वगळता, पुरुषांची एटीपी २५० (मुख्य मालिकेतली सर्वांत खालची पायरी) स्पर्धा होत असे, ती आता नाही. पण तिथे होणाऱ्या चॅलेंजर, म्हणजे त्याखालच्या पायरीच्या, स्पर्धांवर लक्ष ठेवा.

४. दोन आठवड्यांपैकी नेमक्या कोणत्या दिवशी जावं?

पहिल्या आठवड्याचा सोमवार ते गुरुवार. स्पर्धा जूनअखेर सुरू होते (२०२५ मध्ये ३० जून ते १३ जुलै). पहिल्या सोमवार-मंगळवारी मिळून एकेरीच्या पहिल्या फेरीचे १२८ सामने होतात, म्हणजे १८ च्या १८ कोर्टांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळ. गतविजेता पुरुष परंपरेने सोमवारी दुपारी दीड वाजता सेंटर कोर्टाचा पहिला सामना खेळतो, गतविजेती मंगळवारी. बुधवार-गुरुवारी दुहेरीही जोरात सुरू झालेली असते.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारपासून एकेरीचे सामने दिवसाला चार किंवा त्याहून कमी होतात आणि तेही मुख्य कोर्टांवर. बाहेर मग ज्युनिअर, व्हीलचेअर आणि निमंत्रितांचे सामने. गर्दी कमी होते, पासही स्वस्त होतो, पण ‘नावाजलेला खेळाडू दहा फुटांवर’ हा प्रकार संपलेला असतो. मधल्या रविवारी पूर्वी सुट्टी असे. २०२२ पासून त्या दिवशीही खेळ होतो, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून तो दिवस लंडन फिरायला राखून ठेवू नका.

५. ग्राउंड्स पासवर नक्की काय काय बघता येतं?

सेंटर कोर्ट, कोर्ट १ आणि कोर्ट २ सोडून जवळपास सगळं. कोर्ट ३, १२ आणि १८ वरच्या क्रमांक नसलेल्या जागा आणि बाकीची सगळी छोटी कोर्टं. (क्रमांक १२ नंतर थेट १४ येतो. १३ नंबरचं कोर्ट शोधत फिरू नका, ते नाही.) छोट्या कोर्टांवर दोन-तीन ओळींची बाकं असतात, त्यांच्या मागे उभं राहायचं. २०१० मध्ये इस्नर आणि माहू यांचा तीन दिवस लांबलेला, ११ तास ५ मिनिटांचा सामना कोर्ट १८ वरच झाला. म्हणजे इतिहास फक्त सेंटर कोर्टावर घडतो असं नाही.

दिवसाची आखणी अशी करा. दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी विम्बल्डनच्या अ‍ॅपवर येतं. त्यातले बाहेरच्या कोर्टांवरचे दोनच सामने नक्की करा. आत शिरल्याबरोबर आवडीच्या कोर्टावर जागा धरा, कारण तिथला खेळ ११ वाजता सुरू होतो आणि साडेअकरापर्यंत चांगली बाकं भरतात. एकदा मिळालेली जागा सोडली की गेली, रुमाल टाकून ती राखता येत नाही. नवखे लोक इथेच फसतात. दर अर्ध्या तासाने कोर्ट बदलायचं आणि दर ठिकाणी नव्याने रांग लावायची, असं करत दिवस संपतो आणि एकही सामना धड बघून होत नाही. दुपारी मुख्य कोर्टांवर खेळ सुरू झाला की गर्दी तिकडे सरकते, तेव्हा कोर्ट १२ किंवा १८ ला जा. संध्याकाळी टेकडीवर, म्हणजे लोक ज्याला हेन्मन हिल म्हणतात तिथे, मोठ्या पडद्यावर सेंटर कोर्टाचा सामना बघत बसायचं.

६. रांगेची पद्धत काय असते? लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेसारखी ढकलाढकली?

लांबी तशी, पण ढकलाढकली मुळीच नाही. रांग स्पर्धा भरवणाऱ्या क्लबसमोरच्या विम्बल्डन पार्कात, हिरवळीवर लागते. पोहोचल्याबरोबर शेवटच्या झेंड्याकडे जा. तिथे स्टुअर्ड, म्हणजे रांग सांभाळणारे कर्मचारी, तुमच्या हातात तारीख आणि क्रमांक छापलेलं क्यू कार्ड देतात. हेच कार्ड म्हणजे तुमची जागा, ते हरवलं तर पुन्हा शेवटी उभं राहावं लागतं. एका माणसाला एकच कार्ड आणि एकच तिकीट.

कार्डावरच्या क्रमांकाचा हिशेब सोपा आहे. तीन मुख्य कोर्टांची मिळून सुमारे १,५०० तिकिटं रांगेसाठी असतात. क्रमांक ५०० च्या आत असेल तर सेंटर कोर्ट मिळण्याची चांगली शक्यता. १,५०० च्या आत असेल तर कोर्ट १ किंवा २. काही जण रांगेत पुढे असूनही मुद्दाम ग्राउंड्स पास घेतात, त्यामुळे क्रमांक जरा मोठा असला तरी लगेच निराश होऊ नका. १,५०० च्या बऱ्याच पुढे असाल तर ग्राउंड्स पास. सकाळी स्टुअर्ड रांगेतून फिरून मुख्य कोर्टांसाठी मनगटावर पट्ट्या बांधतात. कोर्टाची निवड तेव्हाच करायची असते, म्हणून त्या दिवशी कोण कुठे खेळतंय ते आधीच पाठ असू द्या. पट्टी बांधताना अ‍ॅप उघडून विचार करत बसलात तर मागचे लोक आणि स्टुअर्ड दोघंही वैतागतात. फाटकं उघडतात दहाला. पैसे तिथेच बँकेच्या कार्डाने भरायचे आणि तिकीट फोनवर येतं, त्यासाठी विम्बल्डनच्या अ‍ॅपवर मुंबईतूनच खातं उघडून ठेवा.

पहिल्या आठवड्यात ग्राउंड्स पाससाठी सकाळी पहिली मेट्रो पकडून पोहोचलात तर पुरे. सेंटर कोर्टासाठी आदल्या दिवशी दुपारी-संध्याकाळीच जाऊन रात्र काढावी लागते, त्यासाठी प्रश्न ७ बघा. रांगेतून थोडा वेळ बाहेर पडता येतं, पण अर्ध्या तासाच्या आत परत या. आजूबाजूच्यांना सांगून जा. शेजाऱ्यांनी ‘हे इथे नव्हतेच’ म्हटलं तर क्यू कार्ड असूनही पंचाईत होते.

७. रात्रभर रांगेत राहायचं तर तंबू लागतोच का?

लागतोच असं नाही, पण जुलैच्या पहाटे तिथे १२ ते १४ अंश तापमान असतं आणि गवतावर दव पडतं. मुंबईकरासाठी ती थंडीच. दोघांपुरता, पटकन उघडणारा छोटा तंबू चालतो, त्याहून मोठा चालत नाही. मुंबईहून नेण्यापेक्षा लंडनच्या एखाद्या खेळसाहित्याच्या दुकानातून स्वस्तातला घ्या. त्यासोबत अंगावर घ्यायला जाड शाल किंवा स्लीपिंग बॅग, खाली टाकायला प्लास्टिकची चटई, टॉर्च आणि पॉवर बँक. चूल पेटवायला बंदी आहे. पार्कात शौचालयं आणि पाणी आहे, जेवण मागवून घेता येतं, पण ते गेटवर जाऊन घ्यावं लागतं.

पहाटे पाच-सहाच्या सुमाराला स्टुअर्ड सगळ्यांना उठवतात आणि तंबू आवरायला सांगतात, कारण रांग दाटीची करायची असते. तंबू आणि पिशव्या पार्कातल्या सामानघरात थोडे पौंड देऊन ठेवता येतात, कोर्टापर्यंत न्यायचा प्रश्नच येत नाही. इथे एक चूक बरेच जण करतात. रात्री उशिरापर्यंत जागतात आणि दुपारी दीडला सेंटर कोर्टाच्या खुर्चीतच डुलक्या घेतात. रात्री दहानंतर आवाज करू नये असा नियमच आहे, त्याचा फायदा घ्या आणि झोपा.

८. मी रांगेत उभा राहीन, बायको-मुलं सकाळी येतील. चालेल का?

चालणार नाही. क्यू कार्ड माणशी मिळतं आणि ते घ्यायला स्वतः हजर असावं लागतं. मागाहून आलेल्याला मागेच उभं राहावं लागेल. सगळे एकत्र पोहोचा किंवा दोन दिवस वेगवेगळे आखा. मुलांबद्दल प्रश्न १६ बघा.

९. बॅलट म्हणजे काय? त्यात नाव लागलं तर दिवस आणि कोर्ट आपण निवडायचं का?

बॅलट म्हणजे सोडत. विम्बल्डनच्या संकेतस्थळावर खातं उघडून ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा, तो स्पर्धेच्या कित्येक महिने आधी असतो. एका घरातून एकच अर्ज. नाव लागलं तर कोर्ट आणि दिवस संगणकच ठरवतो, बदलून मिळत नाही, आणि जास्तीत जास्त दोन तिकिटं मिळतात. घ्यायचं की नाही एवढंच तुमच्या हातात. ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे भरले नाहीत तर ते पुढच्याला जातं. ईमेल स्पॅममध्ये जाऊन मुदत निघून गेल्याची उदाहरणं दर वर्षी ऐकू येतात, म्हणून फेब्रुवारीपासून तो फोल्डर आठवड्यातून एकदा तपासा.

सोडतीत नाव लागलं की व्हिसा आणि विमानाचं गणित त्या एका दिवसाभोवती बसवावं लागतं. मुंबईहून दोन दिवस आधी तरी निघा. जुलैत मुंबईत धो धो पाऊस असतो आणि उड्डाणं लांबतात.

१०. एक एजंट सेंटर कोर्टाचं तिकीट ‘थोडं जास्त’ घेऊन देतो म्हणतोय. घ्यावं का?

नाही. विम्बल्डनची बहुतेक तिकिटं दुसऱ्याला विकताच येत नाहीत. ज्याच्या नावावर तिकीट आहे त्याचं ओळखपत्र फाटकापाशी मागितलं जाऊ शकतं आणि तिकीट रद्द झालं तर एजंट फोन उचलत नाही. कायदेशीरपणे हस्तांतर होतं ते फक्त डिबेंचर तिकिटांचं, म्हणजे क्लबला आगाऊ मोठी रक्कम देऊन जागा राखून ठेवणाऱ्यांच्या तिकिटांचं, आणि ती सेंटर कोर्ट व कोर्ट १ पुरतीच असतात. किमतीही तशाच चढ्या. क्लबने नेमलेल्या अधिकृत विक्रेत्याकडचं जेवणासकटचं पॅकेज हा दुसरा सरळ मार्ग. कुणी ‘डिबेंचर आहे’ म्हणत असेल तर ते कोणत्या कोर्टाचं, कोणत्या दिवसाचं, कोणत्या ब्लॉकमधलं आणि अ‍ॅपवर कसं पाठवणार, हे लेखी विचारा. टाळाटाळ झाली की समजून जा.

११. मला फायनलच बघायची आहे. काही उपाय?

सोडतीत नशीब किंवा डिबेंचर. पुरुषांच्या अंतिम सामन्याची अधिकृत किंमत २०२५ मध्ये ३१५ पौंड होती, बाजारात ती कितीतरी पट होते. रांगेत त्या दिवशी सेंटर कोर्टाचं तिकीट नसतंच. ग्राउंड्स पास घेऊन टेकडीवर बसून मोठ्या पडद्यावर बघता येते, वातावरण झकास असतं. पण स्पष्टच सांगायचं तर पहिल्यांदा जाणाऱ्याने अंतिम सामन्याच्या नादाला लागू नये. तेवढ्याच पैशांत पहिल्या आठवड्यातले चार दिवस होतात.

१२. व्हिसा कधी काढायचा, आणि टेनिसचं तिकीट दाखवावं लागतं का?

टेनिसचं तिकीट लागत नाही, प्रवासाचा हेतू पर्यटन लिहायचा. नेहमीचा सहा महिन्यांचा पर्यटक व्हिसा, शुल्क २०२५ मध्ये १२७ पौंड. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, पण मे-जून हा सुट्टीचा हंगाम असल्याने एप्रिलमध्येच अर्ज करा. अर्ज ऑनलाइन भरून नंतर व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला जायचं.

अर्ज कशामुळे अडकतो? मुख्यतः पैशांच्या हिशेबामुळे. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक चार लाख जमा झाले असतील तर ते कुठून आले याचा कागद जोडा, मामाने दिले असतील तर मामाचं पत्र आणि त्याचं बँक स्टेटमेंटही. सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्र, कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र, राहण्याची आखणी. आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते. सातबारा, घराचा करारनामा, लग्नाचा दाखला असे मराठीतले कागद तसेच जोडून चालत नाहीत, त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका.

१३. माझ्याकडे शेंगेन व्हिसा आहे, तो चालेल?

नाही. शेंगेन म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा मिळून एकच व्हिसा, ब्रिटन त्यात नाही. पॅरिस आणि विम्बल्डन एकाच फेरीत करायचं असेल तर दोन वेगळे व्हिसा काढावे लागतील, आणि पासपोर्ट एका वेळी एकाच केंद्रात असतो हे गृहीत धरून तारखा लावा.

१४. हीथ्रोवरून मैदानापर्यंत कसं जायचं आणि राहायचं कुठे?

मुंबईहून हीथ्रोला थेट विमानं आहेत, साधारण दहा तास. हीथ्रोवर मेट्रोची पिकॅडिली लाइन पकडा, अर्ल्स कोर्टला उतरून डिस्ट्रिक्ट लाइनची विम्बल्डनकडे जाणारी गाडी घ्या आणि साउथफील्ड्सला उतरा. विम्बल्डन नावाचं स्टेशन पुढे आहे, पण मैदानाला आणि रांगेला जवळचं साउथफील्ड्स, तिथून चालत पंधरा मिनिटं.

राहायला डिस्ट्रिक्ट लाइनवरची अर्ल्स कोर्ट किंवा पुटनीकडची जागा बघा, नाहीतर नॉर्दर्न लाइनवरच्या टुटिंगकडची. टुटिंगमध्ये दाक्षिणात्य खाणावळी आणि डाळ-तांदूळ मिळणारी दुकानं भरपूर आहेत, त्यामुळे शाकाहारी मंडळींची तिथे अडचण होत नाही. ऐन स्पर्धेच्या पंधरवड्यात मैदानाजवळच्या खोल्यांचे भाव चढतात. तेवढे पैसे देण्यापेक्षा गाडीत वीस-पंचवीस मिनिटं जास्त गेलेली परवडतात.

१५. पैसे रोखीत न्यायचे की कार्ड? आणि डबा नेता येतो का?

आत कार्डच चालतं. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा, भारतीय कार्डावर तो बहुधा बंदच असतो. दुसरी गोष्ट ओटीपी. अ‍ॅपवरून काही विकत घेताना ओटीपी मुंबईच्या नंबरावर येतो. लंडनचं सिम घालून मुंबईचं सिम घरी ठेवलं तर तिकीट समोर दिसत असून पैसे भरता येत नाहीत. दोन सिमचा फोन घ्या आणि भारतीय नंबर रोमिंगवर चालू ठेवा. मेट्रोलाही तेच कार्ड टेकवून जाता येतं, पण माणशी एक कार्ड लागतं.

डबा नेता येतो. विम्बल्डनमध्ये घरचं खाणं आणि पाणी न्यायला परवानगी आहे, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. थेपले, पोळीचे रोल, सुकी चटणी, चिवडा, सगळं चालतं. बिअरचे दोन कॅन किंवा वाइनची एक बाटलीही माणशी चालते, तीव्र मद्य मात्र नाही. तिथली प्रसिद्ध स्ट्रॉबेरी आणि क्रीम २०२५ मध्ये २.७० पौंडांना होती, त्याआधी २०१० पासून २०२४ पर्यंत भाव २.५० पौंडांवर थांबला होता. एकदा खाऊन बघा. बाकी पोट भरायला डबाच बरा.

अडचण येते ती विमानतळावर. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर आणि तुपाची बरणी घरी. ताजी फळंही बहुतेक प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे लंडनच्या आत्याला हापूस द्यायचा विचार सोडा. बाकरवडी, चकली, खाकरा, मेतकूट बिनधास्त न्या.

पिशवी माणशी एकच, ४० × ३० × ३० सेंटीमीटरच्या आतली. लोकलमध्ये पोटाशी धरतो ती लॅपटॉपची सॅक साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते आणि गेटवर अडते. आत जाण्याआधी टेपने मोजा.

१६. लहान मुलं आणि वयस्कर आईवडील बरोबर आहेत. झेपेल का?

पाच वर्षांखालच्या मुलांना मुख्य कोर्टांच्या प्रेक्षागृहात नेऊ देत नाहीत. तुम्ही दोघं आळीपाळीने बसा, किंवा टेकडीवरच चटई टाका. आईबाबांसाठी पहाटेची रांग नको. संध्याकाळी पाचनंतर ग्राउंड्स पास स्वस्त मिळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सूर्य मावळतो सव्वानवाच्या पुढे, म्हणजे तीन-चार तास टेनिस आरामात. गुडघेदुखी किंवा चालण्याचा त्रास असेल तर रांगेतल्या स्टुअर्डला आधीच सांगा, सोय करतात. न सांगता उभं राहिलात तर कुणाच्या लक्षात येणार नाही.

१७. ग्राउंड्स पास घेऊन आत गेल्यावर पुढे सेंटर कोर्टात शिरण्याची काही वाट आहे का?

आहे, आणि हीच सर्वांत दुर्लक्षित वाट. जे प्रेक्षक लवकर निघतात ते आपलं तिकीट परत करतात. ही तिकिटं दुपारनंतर १० ते १५ पौंडांच्या घरात पुन्हा विकली जातात आणि पैसे धर्मादाय कामाला जातात. मैदानात गेल्यावर अ‍ॅपमधून या विक्रीच्या रांगेत नाव घाला आणि क्रमांकाची वाट बघत बाहेरचे सामने बघत राहा. संध्याकाळी सहा-सातनंतर नशीब उघडण्याची शक्यता वाढते, कारण नोकरदार इंग्रज ट्रेन पकडायला निघतात. छत असल्याने सेंटर कोर्टाचा शेवटचा सामना रात्री उशिरापर्यंत चालतो. जाताना तुम्हीही तुमचं तिकीट परत करा, पुढच्याचं भलं होईल.

१८. पाऊस आला तर पैसे बुडाले समजायचे का?

छत फक्त दोन कोर्टांना आहे, सेंटर कोर्टाला २००९ पासून आणि कोर्ट १ ला २०१९ पासून. बाकी सगळीकडे खेळ थांबतो, कव्हर ओढलं जातं आणि पाऊस थांबल्यावरही गवत सुकेपर्यंत वाट बघावी लागते. गवत ८ मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं आणि ओलं असलं की पाय सरकतो, म्हणून पंच घाई करत नाहीत. परतावा त्या कोर्टावर किती खेळ झाला त्यावर ठरतो आणि तो मूळ खरेदीदारालाच मिळतो. मुंबईचा पाऊस बघितलेल्याला तिथली रिपरिप काहीच वाटत नाही, पण छत्री आणू नका. उघडल्यावर मागच्याला दिसत नाही. टोपीवाला रेनकोट आणा, सोबत सनस्क्रीनही, कारण मेघ गेले की ऊन चटकन लागतं. सेंटर कोर्टात दुपारनंतर पश्चिमेकडच्या आणि रॉयल बॉक्सच्या बाजूच्या आसनांवर सावली आधी येते.

१९. मैदानात वागायचे नियम काय? कॅमेरा, सेल्फी, टाळ्या?

आत-बाहेर जायचं ते खेळाडू बाजू बदलताना, मधल्या काळात दारावरचा माणूस सोडत नाही. म्हणून पाणी, शौचालय वगैरे सेट संपताना उरकून घ्या. पॉइंट चालू असताना पूर्ण शांतता, दुहेरी चूक (दोन्ही सर्व्हिस चुकणं) झाली तर टाळ्या नाहीत. फोन आवाज बंद करून, फ्लॅश नाही. कॅमेरा चालतो, लेन्स ३०० मिलिमीटरपर्यंत. सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड फाटकावरच अडवतात. कपड्यांना नियम नाही, खेळाडूंनाच पांढऱ्याची सक्ती आहे.

एक बदल ध्यानात ठेवा. २०२५ पासून लाइनवरचे पंच गेले, ‘आउट’ आता यंत्रच ओरडतं. रेषेवर वाकून उभी राहणारी माणसं दिसली नाहीत म्हणून दचकू नका.

२०. भारतीय खेळाडू बघायला मिळतील का?

एकेरीत नेमकं सांगता येत नाही, पात्रता फेरीकडे लक्ष ठेवा. ती आदल्या आठवड्यात जवळच्या रोहॅम्प्टनला होते आणि तिची तिकिटं ऑनलाइन आधी घ्यावी लागतात. दुहेरी हा आपला खरा आधार. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती इथे पुरुष दुहेरी जिंकले, २०१५ मध्ये सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस महिला दुहेरी. दुहेरीच्या पहिल्या फेऱ्या बाहेरच्या छोट्या कोर्टांवर असतात, म्हणजे ग्राउंड्स पासवर भारतीय जोडी अगदी जवळून. दुसऱ्या आठवड्यात मुलांचे सामने बघा. रामनाथन कृष्णन (१९५४), रमेश कृष्णन (१९७९) आणि पेस (१९९०) हे तिघंही इथले ज्युनिअर विजेते.

२१. सामना अर्धवट राहिला आणि दुसऱ्या दिवशी ढकलला, तर माझं तिकीट उद्या चालेल का?

चालणार नाही. तिकीट त्या दिवसाचं आहे, त्या सामन्याचं नाही. छताखालचा खेळही रात्री अकराला थांबवतात, कारण आजूबाजूच्या वस्तीसाठी तशी अट आहे. २०१८ ची जोकोविच-नदाल उपांत्य लढत अशीच रात्री थांबली आणि शनिवारी संपली. शुक्रवारचं तिकीट घेऊन शनिवारी कुणाला आत सोडलं नाही. तुमचा सामना अर्धवट राहिला आणि पुढचा दिवस मोकळा असेल तर पहाटे पुन्हा रांगेत या, क्यू कार्ड नव्याने घ्यावं लागेल.